देश मोठा, घरे दूरदूर : गाडीवाचून तुमचा दिवस कसा जातो?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून माझी आई सत्तरी ओलांडेपर्यंत एकटी एसटीने पुण्याला मामांकडे जात असे. गेल्या वर्षी ती चार महिने आमच्याकडे ह्यूस्टनला राहिली आणि त्या काळात कोणी गाडी काढल्याशिवाय तिला कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणता आली नाही. दुकान घरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. पण मध्ये सहा मार्गिकांचा रस्ता लागतो, त्याच्या कडेला निम्म्या वाटेपर्यंतच पदपथ आहे आणि रस्ता ओलांडायचा सिग्नल दुकानाच्या बराच पुढे आहे. ‘अमेरिका एवढी मोठी, तिथे बस कशी परवडणार,’ असे आपण सहज म्हणतो. देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चार हजार किलोमीटरांहून अधिक पसरला आहे हे खरेच, पण आईला जायचे होते ते दीडच किलोमीटर.

हे आपोआप घडलेले नाही. 1956 च्या कायद्याने 41,000 मैलांच्या महामार्गांचे जाळे ठरले आणि त्याच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्र सरकारने उचलला. वस्ती त्या रस्त्यांच्या मागोमाग पांगत गेली. आमच्या पश्चिमेकडचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 पर्यंत रुंद करण्यात आला आणि बाजूचे जोडरस्ते धरले तर काही ठिकाणी तो 26 मार्गिकांचा आहे. तरीही संध्याकाळी तो तुंबतोच. उपनगरातून शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या ‘पार्क अँड राइड’ बसगाड्या चांगल्या आहेत, मी स्वतः त्यांनी जातो. मात्र त्या जिथून सुटतात त्या भल्यामोठ्या वाहनतळापर्यंत पोहोचायलाच गाडी लागते.

अशा देशांत राहणाऱ्यांनी नुसते मत न देता आपला प्रत्यक्ष दिवस लिहावा, ही विनंती. आलेली काही उत्तरे खाली आहेत.

डॅलसजवळचे उपनगर

येथे बाहेरून आलेल्यांच्या गाडी चालवण्याच्या लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली असते. व्हिसाची कागदपत्रे लांबली आणि माझे लायसन्स सात आठवडे बाद राहिले. त्या सात आठवड्यांत मुलीची शाळा, दवाखाना, वाणसामान हे सारे नवऱ्याच्या कचेरीच्या वेळेवर आले. पुण्यात मी कॉलेजपासून एकटी फिरलेली बाई; इथे शेजारणीला ‘मला सोडाल का’ असे विचारताना माझा आवाज बारीक होई.

पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया

आमचे शहर किनाऱ्याला धरून शंभर किलोमीटरांहून अधिक लांब पसरले आहे, घरे बैठी आहेत आणि बहुतेक घरांत दोन गाड्या आहेत. विरळ वस्तीत रेल्वे चालत नाही, हा सिद्धान्त खरा असता तर तो इथे सर्वांत आधी खरा ठरला असता. 1979 मध्ये सरकारने फ्रीमँटलची रेल्वे बंद करून प्रवाशांना बसवर घातलेही होते. लोकांनी ते मानले नाही, चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. 2007 च्या डिसेंबरात दक्षिणेकडची मँडुराची सुमारे 70 किलोमीटरांची नवी रेल्वे सुरू झाली. मी तिनेच कामाला जाते आणि शेवटपर्यंतचा प्रवास साधारण पन्नास मिनिटांत होतो.

या मार्गातला बराच भाग फ्रीवेच्या दोन बाजूंच्या मधोमध आहे, त्यामुळे कित्येक स्थानकांना लागून एकही घर नाही. फलाटावर उभे राहिले की दोन्हीकडून वाहनांचा घोंगावणारा आवाज येतो आणि उन्हाळ्यात ते अगदी नकोसे होते. हे उणेपण बसने भरून काढले आहे : बस स्थानकाच्या दाराशीच येते, तिच्या वेळा गाडीशी जुळवलेल्या असतात आणि तिकिटाचे एकच स्मार्टरायडर कार्ड दोन्हीकडे चालते. माझ्या मते सारे मर्म या जुळणीत आहे. रविवारी बस तासाला एक होते तेव्हा मीही मुकाट्याने गाडीच काढते.

सॅस्काटून, कॅनडा

आमच्याकडे अंतर ही खरीच अडचण आहे, हे आधी मान्य करतो. सॅस्कॅचवान प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आणि वस्ती जेमतेम बारा लाखांची. तरीही 1946 पासून इथे प्रांत सरकारची बस गावोगाव जात होती, माणसांबरोबर पार्सलेही नेत होती. ती तोट्यात आहे म्हणून 31 मे 2017 रोजी बंद झाली. पुढच्या वर्षी पश्चिम कॅनडातल्या बहुतेक खासगी आंतरशहर फेऱ्याही थांबल्या. मी दवाखान्यात काम करतो. दूरच्या गावचे वृद्ध रुग्ण तपासणीची वेळ घेताना आता आधी ‘कोण सोडणार’ ते ठरवतात आणि सोडणारा आला नाही की तपासणी पुढे जाते. एकीकडे बर्फ काढून मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यांचा तोटा कोणी मोजत नाही आणि दुसरीकडे बसचा मात्र पैशापैशाने मोजला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

स्कारबरो, टोरोंटो

इथेही रुंद रस्ते आणि मोठाले वाहनतळ आहेत, शहराची ठेवण ह्यूस्टनहून फार निराळी नाही. फरक इतकाच की मोठ्या रस्त्यांवर सरळ रेषेत बस धावते, अनेक मार्गांवर दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर येते आणि पुष्कळ ठिकाणी थेट भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या आत शिरते, म्हणून बदली करताना पुन्हा तिकीट दाखवावे लागत नाही. रात्रभर चालणाऱ्या काही फेऱ्याही आहेत. हिवाळ्यात उणे पंधरात थांब्यावर उभे राहणे सोपे नाही, ते मी लपवत नाही.

सासूबाई नागपूरहून आल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर दोनदा बसने मंदिरात गेले आणि थांब्याचे नाव मराठीत कागदावर लिहून दिले. तिसऱ्या मंगळवारी त्या एकट्या गेल्या. दुपारी फोन आला, तो घ्यायला या असे सांगण्यासाठी नव्हता. आरती लांबली आहे, मी पुढच्या बसने येईन, तुम्ही जेवून घ्या, एवढेच त्यांना सांगायचे होते.