आमच्या कारखान्याचा लेख उडवला, कारण म्हणे 'जाहिरात'!

छप्पनकर
इंदूरला आमचा नमकीनचा कारखाना, तिसरी पिढी. मराठी विकिपीडियावर लेख टाकला आणि जेवून उठेस्तोवर गायब! कारण 'जाहिरात' आणि 'प्रताधिकार भंग'. अहो, मजकूर आमच्याच संकेतस्थळावरचा, लिहिला मीच. स्वतःच्याच घरात चोर? बड्या कंपन्यांचे लेख चालतात, आम्ही शेववालेच तेवढे जाहिरातबाज. महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस यांना खपत नाही, एवढंच खरं.

जुनी_इंदूरकर
राहवलं नाही म्हणून लिहिते. तुमच्या संकेतस्थळाच्या तळाशी 'सर्व हक्क सुरक्षित' आहे, पाहिलंत? विकिपीडियावरचा मजकूर कुणीही उचलावा, बदलावा, विकावासुद्धा. फक्त श्रेय द्यावं आणि पुढे त्याच परवान्यावर द्यावा. उद्या सियागंजातल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्यानं तीच वाक्यं त्याच्या पाकिटावर छापली तर चालेल? शिवाय खातं कुणीही कुणाच्याही नावानं काढतं. तुम्ही म्हणजे तुम्हीच हे प्रचालकाला, म्हणजे पानं काढायचा अधिकार असलेल्या संपादकाला, कसं कळावं? कंपनीच्या ईमेलवरून रीतसर परवानगी देता येते. पण दिलीत तरी लेख टिकायचा नाही. 'चवीचा राजा', 'विश्वासाचं दुसरं नाव'... कारखाना कोणत्या साली निघाला ते कुठेच नाही, मोबाइल नंबर मात्र दोनदा!

छप्पनकर
नंबर भाच्यानं टाकला. बड्या कंपन्यांचं उत्तर द्या आधी.

आडाबाजार
त्यांच्यावर तिऱ्हाइतांनी सविस्तर लिहिलंय, म्हणून. उल्लेखनीयता उलाढालीवर ठरत नाही.

छप्पनकर
आमचीही तीन कात्रणं आहेत. पण हिंदी पेपरांची, ती कोण मोजतो!

आडाबाजार
हिंदी चालतं हो, कुठलीही भाषा चालते. पण कात्रणं मी पाहिली आहेत भिया. वर 'उद्योजकाची यशोगाथा', खाली अर्धं पान तुमचीच दिवाळीची जाहिरात. बिल कोणी भरलं?

सुखलियाची_काकू
बिलावरून आठवलं. यांच्या क्लासच्या लेखासाठी एका एजन्सीला 35 हजार मोजले. पानावर चार दिवसांत 'पानकाढा' साचा, म्हणजे हे पान काढून टाका अशी पाटी, पाचव्या दिवशी पानच नाही. एजंट म्हणाला, 'वर ओळख आहे, करवून देतो, अजून 10 द्या.' तेव्हापासून फोन बंद.

आडाबाजार
कसली ओळख! पैसे घेऊन लिहिलं तर ते जाहीर करावं लागतं, 2014 पासून वापराच्या अटींतच आहे. तसं सांगितलं होतं का त्यानं?

सुखलियाची_काकू
तो म्हणाला गूगलवर क्लास वर येईल. मी काय अटी वाचत बसू? पोळ्या कोण लाटणार?

जुनी_इंदूरकर
काकू, इंग्रजी विकिपीडियानं 2007 मध्येच बाहेरच्या दुव्यांना 'नोफॉलो' लावलं, म्हणजे 'हे दुवे मोजू नका' अशी गूगलसारख्यांसाठी खूण. ती जादू तेव्हाच संपली.

खंडप्रेमी
एवढं सोवळं कशाला? केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार जमवले. तेव्हा 23 खंड निघाले. ती जाहिरात नव्हती?

आडाबाजार
ज्ञानकोश विकणं वेगळं, ज्ञानकोशातली नोंद विकणं वेगळं.

खंडप्रेमी
शब्दच्छल! पैशाशिवाय कोश होत नाही. फुकट राबणाऱ्यांना फक्त दुसऱ्याचं पुसायची मजा येते.

जुनी_इंदूरकर
मजा? ऑफिसहून आल्यावर मी रोज तासभर तिथे निवडत बसते. 'अग्रगण्य', 'अग्रगण्य', 'अग्रगण्य'. तांदळातले खडे परवडले. एक दिवस बसून दाखवा, मग बोला.

खंडप्रेमी
बरं बाई, चुकलो. केतकरांचा मुद्दा सोडत नाही.

सुखलियाची_काकू
आणि माझे 35 हजार?

छप्पनकर
काकू, 35 हजारात किती शेव आली असती! असो. 'राजा' काढला, नंबर काढला, उरलं काय? पत्ता. तोही काढायला लावाल. लवंग शेवेवर लिहितो मग, कारखान्याचं नाव न घेता. फोटो मात्र आमच्याच पाकिटाचा.

जुनी_इंदूरकर
शेव ताटलीत काढा आणि मग फोटो घ्या.