खमंग काकडीला पाणी सुटतं, २५ पानांसाठी काय करावं?

परळची_सून
श्रावणी सोमवारी घरी सत्यनारायण आहे. २५ माणसं जेवायला, खोली लहान, त्यामुळे आठ-नऊ जणांच्या तीन पंगती. पहिली साडेबाराला, शेवटची दोनच्या पुढे. वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, शिरा आणि डावीकडे खमंग काकडी. काकडी सकाळी कालवून ठेवली की तासाभरात तळाला पाणी जमतं, पानात ओघळ येऊन मसालेभातात शिरतो आणि कुटाचा चिखल होतो. काकडी किसू की चिरू? मीठ कधी घालू? दोघांना उपास आहे, तेही सांभाळायचंय.

विळी_पाट
किसू नका. किसणीवर काकडी चिरडते आणि पाणी तिथेच सुटायला लागतं. काकडी चोचवायची. सोलून डाव्या हातात उभी धरा, वरच्या टोकावर धारदार सुरीने जवळजवळ उभे-आडवे घाव घाला, अर्धा-पाऊण इंच खोल. मग तो थर आडवा तासून घ्या. पुन्हा घाव, पुन्हा तास. बारीक, कोरडे, कडा शाबूत असलेले तुकडे पडतात. सुरी बोथट असेल तर ती दाबली जाते आणि किसल्यासारखंच होतं, तेव्हा आधी धार लावून घ्या.

२५ जणांना २ किलो काकडी आणा, फिकट हिरव्या, कोवळ्या. सोलून, टोकं काढून साधारण दीड किलो हाती लागते. पावसाळ्यात कोकणातली मोठी तवसं येतात, ती घेतलीत तर मधला बियांचा गर काढून टाका, अर्धं पाणी तिथेच असतं.

चोचवून झाली की दोन लहान चमचे मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने पिळा. ते पाणी फेकू नका, पुरीच्या कणकेत घाला आणि कणकेतलं मीठ तेवढं कमी करा.

तूप_जिरं
चोचवण्याबद्दल पूर्ण सहमत, मीठ लावून पिळण्याबद्दल नाही. घरी खायला ते ठीक आहे. पण नैवेद्याआधी चव बघता येत नाही आणि पिळलेल्या पाण्याबरोबर किती मीठ गेलं हे चव घेतल्याशिवाय कळत नाही. शिवाय पिळलेली काकडी मऊ पडते, दाताखाली कुरकुरत नाही.

पाणी मिठाने सुटतं, साखरेनेही सुटतं. म्हणून ही दोन्ही शेवटी. चोचवलेली काकडी रोळीत घाला, खाली भांडं ठेवा, झाकून फ्रिजमध्ये. आपोआप निथळेल तेवढंच पाणी जाऊ द्या. मग तीन वाटे करा, प्रत्येकी अर्धा किलो. एका वाट्याला हे मोजून वेगळं ठेवा:
दाण्याचं कूट १ वाटी, ओलं खोबरं पाव वाटी, मीठ १ लहान चमचा सपाट, साखर दीड चमचा, अर्ध्या मोठ्या लिंबाचा रस, ३ हिरव्या मिरच्या.

नैवेद्याच्या वेळी पहिला वाटा कालवा, त्यातूनच पहिली पंगत. पुढचा वाटा पुढची पानं मांडली की. कालवल्यापासून १०-१५ मिनिटांत पानात पडली की ओघळ येत नाही.

फोडणी सगळ्यालाच तुपाची करा, म्हणजे उपासाचं वेगळं काढायला नको. वाट्याला १ मोठा चमचा तूप, अर्धा चमचा जिरं, त्यातच मिरचीचे तुकडे. मिरची तुपात परतली की कच्चा उग्रपणा जातो आणि तिखट सगळीकडे सारखं लागतं. हिंग नको, पुडीच्या बहुतेक हिंगात कणीक किंवा मैदा असतो. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालत नाही, त्या दोघांना विचारून घ्या. जिरं काळं पडू देऊ नका, सगळं कडवट होतं. फोडणी मिनिटभर निवू द्या आणि काकडीवर न ओतता वर रचलेल्या कुटावर ओता. काकडीवर पडली की तिथले तुकडे मलूल होतात.

शेंगदाणा
कुटाच्या चिखलाचं कारण निम्मं कुटातच असतं. मिक्सर सलग फिरवला की दाण्याला तेल सुटतं, गोळे बनतात आणि पाणी लागताच त्याचा लगदा होतो. दाणे मंद आचेवर १०-१२ मिनिटं भाजा, सालावर डाग पडून दाणा चुरचुरला पाहिजे. पूर्ण गार करा, सालं पाखडा, मग मिक्सर थांबत-थांबत फिरवा. रव्यापेक्षा जाड ठेवा, मधे दाण्याचे कण दिसले पाहिजेत. गरम दाणे कुटले तरी तोच गोळा होतो.

तीन वाट्यांसाठी ३५० ग्रॅम कच्चे दाणे पुरतात. या दिवसांत मुंबईच्या दमटपणात कूट सकाळचं संध्याकाळी सादळतं. आदल्या दिवशी करायचं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि डबा खोलीत गार राहीनासा झाल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

परळची_सून
हे जमेल. पण एखादी काकडी कडू निघाली तर? चव घ्यायची नाही म्हणता.

तूप_जिरं
कालवलेल्या पदार्थाची चव घ्यायची नाही. कडवटपणा जास्त करून देठाकडे असतो. सोलण्याआधी प्रत्येक काकडीची देठाकडची एक चकती कापून तीच चाखा. ती नैवेद्यात जात नाही. कडू लागली तर आणखी बोटभर कापून पुन्हा बघा. तरी कडू असेल तर अख्खी काकडी बाजूला काढा, मीठ-साखरेने ती झाकली जात नाही. टोक घासून फेस काढण्यावर विसंबू नका. २ किलोऐवजी सव्वादोन आणा.