नवी बॅटरी टाकली तरी सकाळी सेल्फ उचलत नाही, डायनामो बदलू का?

मारेगाव_डिझेल

डिझेल जीप, २०१३ चं मॉडेल. बॅटरी १२ व्होल्ट ६५ एएच (अँपियर-तास), मार्चमध्ये नवी टाकली. आता दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ जड फिरतो, कधी नुसतं कट-कट वाजतं. वणीला नेऊन बॅटरी चार्ज केली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. डायनामो खोलून दाखवला, तर रिवायंडिंगवाला म्हणतो कॉइल ठीक आहे, पण जुना झालाय, बदलून टाका. इंजिन चालू असताना मीटरवरचा लाल दिवा लागत नाही. म्यूझिक सिस्टिम आणि वरची एलईडी पट्टी नंतर बसवलेली आहे.

बॅटरीवर मल्टिमीटर लावून घेतलेली रीडिंग : सकाळी बंद गाडीत १२.१. इंजिन चालू, काहीच लोड नाही, १३.६. हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.१. डायनामो घ्यायचा की बॅटरी वॉरंटीत परत करायची?

अर्थिंगवाला

सध्या दोन्ही राहू द्या. १२.१ म्हणजे बॅटरी अर्ध्याच्याही खाली आहे. अशा बॅटरीवर केलेल्या कुठल्याच टेस्टला अर्थ नाही, म्हणून आधी ती पूर्ण भरा. ६५ एएच ला ६ ते ६.५ अँपियरनं १० ते १२ तास. अर्ध्या तासाचं ‘फास्ट चार्जिंग’ घेऊ नका, त्यात प्लेटचा वरचा थरच भरतो. चार्जर काढल्यावर हेडलाइट २ मिनिटं लावून बंद करा, अर्धा तास थांबा, मग मोजा. १२.६ किंवा जास्त आलं पाहिजे.

आता चार्जिंग. हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार असेल तर तीही चालू करून, १५०० ते २००० आरपीएमवर रेस धरून ही चार मापं घ्या :

१) डायनामोचा बी प्लस बोल्ट (बॅटरीकडे जाणारी जाड तार लागते तो) ते डायनामोची बॉडी.
२) बॅटरीचे दोन्ही पोल. पिन शिशाच्या पोलवर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नाही.
३) बी प्लस बोल्ट ते बॅटरीचा प्लस पोल. ०.२ पर्यंत चालतं.
४) डायनामोची बॉडी ते बॅटरीचा मायनस पोल. ०.१ च्या आसपास हवं.

पहिलं माप १४ च्या वर आणि दुसरं त्याच्या बरंच खाली असेल, तर डायनामो आपलं काम करतोय आणि माल वाटेत सांडतोय. कुठे सांडतोय ते तिसरं-चौथं सांगेल. तुमच्या १३.१ वरून मला तोच संशय आहे. लाल दिव्यावर विसंबू नका. तो डायनामोकडे पाहतो, बॅटरीपर्यंत काय पोचतं ते त्याला दिसत नाही. त्याची खरी परीक्षा चावी ऑन करताना : तेव्हा तो लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब किंवा त्याची तार गेली, आणि बऱ्याच डायनामोंना सुरुवातीचं एक्सायटेशन (चार्जिंग सुरू व्हायला लागणारा थोडा करंट) त्याच तारेतून मिळतं.

पिन लावताना बेल्ट आणि पंख्यापासून बाह्या, दुपट्टा दूर ठेवा.

कुटार_आणि_कोळसा

भाऊ, वरचं सगळं बराबर, पण मीटर लावायच्या आधी बेल्ट तं पाहा. बंद इंजिनमध्ये दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. १०-१२ मिमी दबला तं ठीक, त्याच्यापेक्षा जास्त ढिला नको. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चमकत असन तं ताण देऊन फायदा नाही, बदलाच. चिऊचिऊ आवाज येतो म्हणून साबण नाही तं ग्रीस लावू नका राजेहो, पुली अजूनच घसरते.

दुसरं, डायनामोच्या जाळीत सोयाबीनचं कुटार, कापसाचा फेसका अन् कोळशाची धूळ बसते. हवा बंद झाली की डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) तापतात. कॉम्प्रेसरची हवा मारा, पाण्याचा प्रेशर नाही.

तिसरं, बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच मागं असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल आत उतरते, ब्रश अन् स्लिप रिंग चिकट होतात. मागं ऑइलचा ओघळ दिसला अन् ब्रेक पण कडक लागत असन, तं आधी सील करा, नाही तं नव्या डायनामोचीबी तीच गत.

अन् काही मेकॅनिक चालू इंजिनमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला’ म्हणतात, ते करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळते, रेग्युलेटर अन् ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात. अन् टिपरवरून जंप देऊ नका, ते २४ व्होल्ट असते. ट्रॅक्टर चालते, १२ च असते.

मिलीअँपियर

चार्जिंगवरच सगळे बोलताहेत, पण ‘दोन-तीन दिवस उभी राहिली की’ हे वाक्य वेगळं पाहा. चांगली भरलेली बॅटरी तीन दिवसांत बसत नाही. रात्री कोणीतरी खात असेल. मायनस क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि पोलच्या मध्ये मीटर घाला, लाल पिन १० अँपियरच्या भोकात. त्याआधी दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करा, म्हणजे केबिनचा दिवा लागणार नाही. २०-३० मिनिटं थांबा, कारण काही युनिट हळूहळू झोपतात. ५० मिलीअँपियरपर्यंत चालेल. मीटर मध्ये असताना चावी फिरवून सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत चला, किंवा न काढता प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन धातूच्या टिपक्यांवर मिलीव्होल्ट मोजा. ज्याच्यावर शून्याऐवजी काही दिसलं, त्यातून करंट वाहतोय. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर डायनामोची बी प्लस तार सुटी करून पाहा, डायोड गळत असू शकतो. सुटी करताना आधी बॅटरी काढा.

हिशोब साधा आहे : ०.४ अँपियर × ७२ तास = जवळजवळ २९ एएच. ६५ मधून एवढं गेलं की डिझेलचा सेल्फ फिरत नाही.

मारेगाव_डिझेल

सगळं केलं. बेल्ट ठीक आहे, ऑइल कुठेच नाही, चावीला लाल दिवा लागतो. फुल चार्जनंतर १२.७. मापं : पहिलं १४.३, दुसरं १३.३, तिसरं ०.१५, चौथं ०.८५. उभ्या गाडीत ३८० मिलीअँपियर, म्यूझिकच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला की ३०.

एक गोष्ट समजत नाही. बॅटरी फुल असतानाही सेल्फ सुस्त फिरतो, आणि त्या वेळी बॅटरीवर ११.१ दिसतं. डिझेलचा सेल्फ एवढा करंट ओढतो, तर बॅटरी इतकी वर कशी राहते?

अर्थिंगवाला

तिथेच उत्तर आहे. सेल्फ पूर्ण करंट ओढत असता तर बॅटरी १०-१०.५ पर्यंत बसली असती. (९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर.) ११.१ वर राहते, म्हणजे करंट वाहायला वाटच नाही. चौथ्या मापातले ०.८५ व्होल्ट हीच ती अडलेली वाट : इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमधली अर्थिंग. डायनामो आणि सेल्फ दोघांचाही करंट त्याच वाटेनं परततो, म्हणून दोन तक्रारी दिसतात आणि दोष एकच.

पक्कं करायचं असेल तर सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक ते मायनस पोल मोजा. ०.५ च्या आत हवं.

अलीकडे क्लचचं काम झालंय का? गिअरबॉक्स ते चेसिस जी अर्थ पट्टी असते, ती गिअरबॉक्स उतरवताना सोडतात आणि परत लावताना विसरतात, किंवा रंगावरच कसतात. मग करंट ॲक्सिलरेटर केबल, गिअर केबल असा चोरवाटेनं जातो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागते का तेही पाहा.

मारेगाव_डिझेल

फेब्रुवारीत क्लच प्लेट बदलली होती. पट्टी आहे, पण लग (टोकाची बोल्टची कडी) हिरवा पडलाय आणि अर्ध्या तारा तुटल्यात. सेल्फ मारताना २.६ व्होल्ट आले.

अर्थिंगवाला

मग बाजारातून २५ ते ३५ चौरस मिमीची तांब्याची विणलेली पट्टी घ्या, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग असलेली. दोन्ही जागांचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं उघड्या धातूपर्यंत काढा, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसा, पेट्रोलियम जेली नंतर वरून लावा, सांध्याच्या आत नको. बॅटरीचा मायनस ते चेसिस सांधाही त्याच दमात उघडून साफ करा.

मिलीअँपियर

ॲम्प्लिफायरची रिमोट तार (त्याला चालू-बंद करणारी) थेट प्लसवर जोडलेली असणार, म्हणून तो रात्रभर जागा राहतो. ती डेकच्या निळ्या-पांढऱ्या तारेवर घ्या, नाही तर चावीनंतरच्या फ्यूजवर. एलईडी पट्टी स्विचमधून थेट असेल तर रिले आणि फ्यूज घाला.

डायोडचीही खात्री करून टाका : मीटर एसी व्होल्टवर, २००० आरपीएम, हेडलाइट चालू, बॅटरीच्या पोलवर. ०.५ च्या वर आलं तर डायोड गेलाय. स्वस्तातलं मीटर एसीवर नुसत्या बॅटरीलाही २६-२८ दाखवतं आणि पिना उलट्या केल्या की शून्य. तसं झालं तर ते रीडिंग सोडून द्या, त्यावरून डायोड गेला असं समजू नका.

मारेगाव_डिझेल

पट्टी बदलली. लोडसकट बॅटरीवर १४.१, चौथं माप ०.०६. सेल्फ एका झटक्यात. रिमोट तार बदलली, रात्रीचे २८ मिलीअँपियर. एसीवर ०.०४. बॅटरी इतके दिवस अर्धवट भरत होती, तिचं नुकसान झालं असेल का?

कुटार_आणि_कोळसा

थोडंफार होतेच, प्लेटवर सल्फेट बसते. झाकणं उघडता येत असन तं हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) लावा. फुल चार्जवर प्रत्येक सेल १.२६० च्या वर पायजे. एखादा बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असन तं तो सेल गेला, वॉरंटी मागा. सगळे सारखेच १.२३०-१.२४० वर अडकले असन तं ३ अँपियरनं २४ तास हळू चार्ज करून पुन्हा मोजा, पुष्कळदा वर येते. पाणी प्लेटच्या १०-१५ मिमी वर, फक्त डिस्टिल्ड, अन् चार्ज झाल्यावरच भरा, नाही तं ॲसिड उतू जाते. आरओचं पाणी चालत नाही.

अन् पुढच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत बॅटरीवर १३.८ दिसलं तं पुन्हा इथं यायची गरज नाही. गरम झाल्यावर रेग्युलेटर मुद्दाम व्होल्टेज उतरवते. १४.८ च्या वर गेलं अन् सडक्या अंड्याचा वास आला तं मात्र लगेच थांबा.