फिलिपिन्सचा बारावा सिनेट मतदारसंघ: संरक्षण होतं की तोंड बांधणं?

रानजाई
अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपिन्सला 1916 च्या जोन्स कायद्याने सिनेट मिळालं. 12 मतदारसंघ, प्रत्येकाचे 2 सिनेटर. त्यांतल्या 11 मतदारसंघांनी आपली माणसं निवडून दिली. बाराव्यात निवडणूकच नव्हती. तिथले दोघे गव्हर्नर जनरल नेमायचा आणि वाटलं तर तोच काढायचा.

हा मतदारसंघ नकाशावर शोधून बघा. एक तुकडा लुझॉन बेटाच्या उत्तर भागात: माउंटन प्रॉव्हिन्स, बागियो, नुएवा विझ्काया, म्हणजे इगोरोत, इफुगाव लोकांचे डोंगर. दुसरा पार दक्षिणेला: मिंडानाओ बेट आणि सुलूची बेटं, म्हणजे मुसलमान मोरोंचा मुलूख. मध्ये जवळजवळ अख्खा देश. या दोघांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, स्पेनच्या तीनशे वर्षांच्या राज्यात इथले बहुतेक लोक ख्रिश्चन झाले नव्हते. मिंडानाओतल्याच सुरिगाव आणि मिसामिसला मात्र बोहोलसोबत अकराव्या मतदारसंघात घातलं आणि मताचा हक्क दिला!

याला 'मागासांचं संरक्षण' म्हणतात ते मला मान्य नाही. मग 1919 चा जमीन कायदा बघा. ख्रिश्चन वसाहतवाल्याला सरकारी जमीन 24 हेक्टरपर्यंत, 'गैरख्रिश्चन'ला 10. बाराव्या मतदारसंघाच्या दोन जागा सिनेटात असताना हा कायदा झाला. ज्यांच्या पायाखालची जमीन, त्यांनाच निम्म्याहून कमी. संरक्षण नेमकं कुणाचं झालं?

तळटीप
जमिनीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो नेमणुकीच्या माथी का मारता? तो कायदा मनिलाच्या विधिमंडळाने केला आणि तिथे बहुमत निवडून आलेल्यांचं होतं.

शिवाय निवडणूक झाली असती तर मत कुणाला मिळालं असतं? जोन्स कायद्यात मतदार म्हणजे 21 वर्षांवरचा पुरुष, आणि त्यातही 500 पेसोंची मालमत्ता, वर्षाला 30 पेसो कर किंवा लिहिता-वाचता येणं, यांपैकी काहीतरी हवं. 1913 पासून मिंडानाओतल्या कोताबातोत सरकारच बाहेरच्या ख्रिश्चन शेतकऱ्यांना वसवत होतं. मतपेटी आली असती तर त्यांचाच माणूस सिनेटात गेला असता. नेमणूक होती म्हणून हाजी बुतू तिथे पोचले. सुलूच्या सुलतानाचे प्रधान होते ते. पुढे 1931 मध्ये खुद्द सुलतान, जमालुल किराम (दुसरे), सिनेटर झाले.

रानजाई
हाजी बुतूंचं नाव मीही आदराने घेते. पण दुसऱ्या खुर्चीवर कोण होतं? होआकिन लुना, चित्रकार हुआन लुनांचे भाऊ. नंतर लोपे के. सांतोस, टागालोग लेखक. सगळी सखल भागातली ख्रिश्चन मंडळी. डोंगरातल्या इगोरोतांचा माणूस कुठाय?

आणि 1924 चा खटला वाचा. बाराव्याचे नेमलेले सिनेटर, जुने क्रांतिकारक जनरल होसे अलेहान्द्रिनो, यांनी सहाव्या मतदारसंघाच्या सिनेटरवर हात टाकला. सिनेटने त्यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. ते सुप्रीम कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, नेमलेल्या सिनेटरला असं दूर ठेवायचा अधिकार सिनेटला नाही, पण सिनेटला हुकूम देणं आमच्या हातात नाही. निलंबनाविरुद्ध कोर्टाने दिलेलं एक कारण असं, की त्यामुळे मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो. अहो, त्या मतदारसंघाने त्यांना कधी निवडलं होतं?

अक्राणीकर
मी सातपुड्यातला, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. आमचा अक्राणी महाल 1936 च्या आदेशाने 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' झाला. मुंबई विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरने हुकूम काढल्याशिवाय इथे लागू होत नसे. इंग्रजांच्या तोंडी भाषा हीच, संरक्षणाची. हेतूबद्दल मलाही भ्रम नाही. पण सावकाराने जमिनी कशा गिळल्या ते आमच्या घराघरांत ठाऊक आहे. कुंपण वाईट असेल, तरी ते काढलं की आधी कोण आत शिरतो हेही बघा.

मोरोंनीही तेच बघितलं. मार्च 1935 मध्ये मिंडानाओतल्या लानाओच्या दातूंनी, म्हणजे मोरो सरदारांनी, दान्सालान गावाहून अमेरिकेला लिहिलं, की स्वतंत्र फिलिपिन्समध्ये आम्हाला घालू नका. त्यांना वॉशिंग्टनपेक्षा मनिलाची भीती जास्त होती.

रानजाई
हे पत्र तर माझ्याच बाजूचं आहे. 19 वर्षं सिनेटात दोन जागा असून दातूंना समुद्रापलीकडे अर्ज करावा लागला. जागा कामाची असती तर तिथूनच बोलले असते. आणि त्यांना अमेरिकेचं प्रेम होतं असंही नाही. बुद दाहोचं हत्याकांड 1906 चं, बुद बाग्साकचं 1913 चं. दोन्ही डोंगरांवर बायका-मुलांसकट माणसं मारली गेली, ती अमेरिकी फौजेनेच. कुंपणाचं म्हणाल, तर तुमच्याकडे कुंपण सावकार अडवायला होतं असं निदान सांगत तरी होते. कोताबातोत वसाहती सरकारनेच आणून बसवल्या.

तळटीप
पटतंय बरंचसं. तरी एक राहतंच. 1935 मध्ये सिनेट गेलं, त्याबरोबर हे मतदारसंघही. 1941 ला सिनेट परत आलं ते सगळ्या देशाने मिळून 24 जण निवडायचे असं, आणि आजही तसंच आहे. म्हणजे तुमची मतपेटी आली, पण सुलूची किंवा माउंटन प्रॉव्हिन्सची स्वतःची खुर्ची एकही उरली नाही.

रानजाई
हो, ती खुर्ची गेली हे नुकसान मी नाकारत नाही. खुर्ची तीच ठेवून तिथे बसणारा फक्त डोंगरातल्या आणि सुलूतल्या लोकांनी ठरवायचा, आणि डोंगर-सुलूचे दोन वेगळे मतदारसंघ करायचे, हे 1916 ला शक्य होतं. मिसामिसला मताचा हक्क देताना पेन चाललं, शेजारच्या लानाओपाशी थांबलं. माझा राग त्या थांबण्यावर आहे.