नंबर जुळले म्हणजे झालं?

इंजिन आणि चॅसीचे नंबर मूळ नोंदीशी जुळले की जुनी गाडी अस्सल, असं म्हटलं जातं. नोंदी काढायच्याच, पण जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तिथे थांबू नका. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाच्या) अंगावर पार्ट नंबर आणि शेजारी बारीक आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ '१२ ६५', म्हणजे १९६५चा बारावा आठवडा. गाडी त्या वर्षीच्या मे महिन्यातली असेल तर जमून गेलं. १९६७ निघालं तर तो नंतर कुणीतरी बसवलेला, विकणारा काहीही म्हणो. आकडे दिसत नसतील तर वायर ब्रशने खरवडू नका, केरोसीनचा बोळा फिरवा.

आणि नुसतं मॉडेल बघून पार्ट उचलू नका. लुकासचा २५डी४ हा डिस्ट्रिब्युटर एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये होता तसाच साध्या घरगुती गाड्यांतही होता. बाहेरून जुळी भावंडं, पण आतली वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्युम युनिट वेगळं, त्यामुळे ठिणगीचं टायमिंग पुढे सरकण्याचं गणितच बदलतं. एसयू या कंपनीच्या कार्ब्युरेटरचंही (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचंही) तेच. फ्लोट चेंबरच्या (त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्याच्या) झाकणाच्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावरच्या 'एयूडी' नंबरावरून तो कुठल्या गाडीचा आणि आतली, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई कोणती ते कळतं. मात्र या पट्ट्या नव्या बनवूनही मिळतात, तेव्हा जुनाट कार्ब्युरेटरवर कोरी चकचकीत पट्टी दिसली तर सुई स्वतः बाहेर काढून तिच्यावरची अक्षरं वाचा.