मदत हवी आहे: घरच्या लॅपटॉपवर साइट नीट दिसते, सर्व्हरवर चढवली की मोडते

मंडळी, साधी स्टॅटिक साइट आहे. बारा-तेरा एचटीएमएल पानं, एक सीएसएस, थोडी जावास्क्रिप्ट. तरी दोन रात्री गेल्या.

आधी मी इंडेक्सच्या फाइलवर डबल-क्लिक करून बघायचे. पानं उघडायची, पण मेनू ढिम्म. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे चुका दिसतात) लाल अक्षरांत कॉर्सची, म्हणजे दुसरीकडून फाइल उचलण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाची, तक्रार. शोधल्यावर कळलं की 'मॉड्यूल' प्रकारची स्क्रिप्ट ब्राउझर डिस्कवरून थेट उचलत नाही, ती एचटीटीपीनेच यावी लागते. म्हणून साइटच्या फोल्डरमधून पायथनचा सर्व्हर चालवला:

पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००

(टाइप अर्थात रोमनमध्येच. विंडोजवर 'पायथन' लिहिलं की भलतंच स्टोअर उघडत होतं, 'पीवाय' लिहिल्यावर चाललं.)

लोकलहोस्ट:८००० वर (म्हणजे माझ्याच लॅपटॉपच्या पत्त्यावर) सगळं झकास! त्याच फाइल्स सर्व्हरवर चढवल्या तर सीएसएसविना उघडंबोडकं पान आणि दोन फोटो गायब. तिथे साइट '/वाचन/' या उपफोल्डरात आहे, त्याचा संबंध असेल का? दर वेळी चढवून बघायचा वैताग आलाय. घरीच तशी परिस्थिती कशी उभी करू? एवढ्याशा साइटला डॉकर (सर्व्हरचं अख्खं वातावरण डब्यात बांधून चालवणारं साधन) वगैरे नको, प्लीज.

प्रतिसाद १
संबंध आहेच. सीएसएसची लिंक स्लॅशने सुरू होते ना? तो स्लॅश म्हणजे 'डोमेनच्या मुळापासून'. घरी मूळ म्हणजे तुमचा फोल्डर, सर्व्हरवर त्याच्या एक पायरी वर. फोल्डरचं नाव 'वाचन' ठेवा, 'सीडी ..' करून बाहेर या, सर्व्हर तिथून चालवा आणि लोकलहोस्ट:८०००/वाचन/ उघडा. आता घरीही मोडेल. मोडायलाच हवी.

धागाकर्ती
मोडली! साइट मोडल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. सुरुवातीचे स्लॅश काढले, आतल्या फोल्डरांमधल्या पानांना '../' लावलं. एक पान तरी जुनंच दिसत होतं, ते कॅशचं (ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत) निघालं, कंट्रोल-शिफ्ट-आर केल्यावर सुधारलं. फोटो मात्र घरी दिसतात, तिकडे नाहीत.

प्रतिसाद २
ह्यूगो (स्टॅटिक साइट बनवून देणारं साधन) घ्या, त्याच्या सर्व्हरवर १३१३ पोर्टला आपोआप रिफ्रेश होतं, सुटाल.

प्रतिसाद ३
ह्यूगोने हा प्रश्न सुटणार नाही हो. फोटोंच्या नावाचं शेपूट बघा. फाइलला कॅपिटल 'जेपीजी' आणि एचटीएमएलमध्ये स्मॉल, असं असणार. विंडोज दोन्ही एकच धरतं, लिनक्स नाही, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सच असतो. घरीच पकडायचं तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लिनक्सच्या होम फोल्डरात साइट ठेवून सर्व्हर चालवा. सी ड्राइव्हवर ठेवलीत तर तिथे विंडोजचेच नियम लागतात.

धागाकर्ती
अगदी तेच! दोन्ही फोटो कॅमेऱ्यातून तसेच टाकलेले. नावं बदलली तर गिटला (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बदलच दिसेना, शेवटी 'गिट एमव्ही'ने केलं. आता दोन्हीकडे सारखं दिसतंय, आभार.

जाता जाता: मी केलेलं ४०४चं (पत्ता सापडला नाही की दिसणारं) पान घरी दिसत नाही, पायथन स्वतःचंच दाखवतो. ते बदलता येतं का?

प्रतिसाद १
पायथनला त्या एका ओळीच्या आज्ञेत सांगून भागत नाही, स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. नुसतं दिसतं कसं ते बघायचं तर त्या पानाचा पत्ता थेट टाका. पण त्याच्या लिंका स्लॅशपासूनच, '/वाचन/' धरून लिहा. ते पान कुठल्याही खोलीच्या पत्त्यावर उघडतं, तिथे '../' गंडतं.