वस्तीत पुन्हा सर्व्हे येतोय, हो म्हणू की नाही?

बचतगटवाली, गोवंडी
गेल्या पाच वर्षांत कॉलेजची मुलं चार वेळा फॉर्म घेऊन आली. टीबी, पाणी, मुलींची शाळा, परत पाणी. दर वेळी मीच त्यांना घरोघर फिरवलं, कारण अनोळखी माणसाला आमच्याकडे कुणी दार उघडत नाही. शेजारच्या मावशीने तिचा मुलगा टीबीने कसा गेला ते रडत रडत सांगितलं. अहवाल आम्हाला कधी दिसलाच नाही. मावशी अजून विचारते, "पोरींनी लिहून नेलं, त्याचं काय झालं गं?" मला मान वर करवत नाही.

आता एक विद्यापीठ इथल्या देवनार डंपिंगच्या, म्हणजे कचराभूमीच्या, धुरावर अभ्यास करायला येणार आहे. २०१६ च्या आगीत आम्ही ओले फडके तोंडाला बांधून बसलो होतो. हा धूर कुणीतरी मोजायलाच हवा. म्हणून नाही म्हणवत नाही.

जुनी कार्यकर्ती, पुणे
ताई, पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या मंडळी कचरावेचक बायांकडे गेल्या त्या शिकवायला. बायांना आधी हवा होता घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा, म्हणजे उकिरड्यात हात घालायला नको. विभागाने त्यांचं ऐकलं, ओळखपत्रं दिली. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बायांमुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, हेही पुढे मोजलं गेलं आणि तोच हिशोब मागण्यांच्या कामी आला. तुम्हीही आधी तुमचा प्रश्न त्यांच्या फॉर्मात घालायला लावा.

पीएचडीवाला
अभ्यासात लोकांचं नुकसान होत नाही ना, हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवायला सांगा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) च्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तटस्थ साक्षीदारासमोर सगळं समजावून मगच संमती घ्यायची असते. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं. आणि तुमच्या फिरण्याचं मानधन आत्ताच बजेटमध्ये घालायला लावा. निधी मंजूर झाल्यावर नवा खर्च घुसवणं फार अवघड जातं.

बचतगटवाली, गोवंडी
काल बारा जणी बसलो. धूर रात्री जास्त असतो, म्हणून मोजणी रात्रीही करायची. फिरवणाऱ्या दोघींना दिवसाची मजुरी मिळायला हवी. छापण्याआधी निष्कर्ष इथे, आमच्या बैठकीत, हिंदी-मराठीत सांगायचे. कुणाचं नाव, गल्ली, फोटो नाही.

मावशी म्हणाली, मी पुन्हा सांगेन, पण लिहिलेलं मला वाचून दाखवा. ती अट सगळ्यात वर लिहिली आहे. सोमवारी पत्र देतेय.